दारि

बुधवारची घरसभा या खेपेला आमच्याकडे.
सोप्यात दोन सतरंज्या, तिसरी मार्थाबाईंकडून मागून आणलेली,
चहात साखर जरा हात राखून,
कारण कौलांचा कारखाना बंद पडला
आणि एलियाचा पगारही त्याच्याबरोबर.

पवित्र शास्त्राखाली दोन पत्रं.
एक पुण्याचं, एक हुबळीचं.
पाळकसाहेब म्हणाले, त्याची इच्छा काय ते विचारा,
आपली सांगू नका.
मी मान हलवली. खरं तर सोमवारपासून
मी त्याला आपलीच सांगत होते.
बापा, तुझ्या मनात असेल तसं कर,
पण पुण्यात माझी बहीण आहे,
मराठी उपासना आहे, दवाखाना जवळ आहे,
आणि हुबळीचं पाणी एलियाला लहानपणी बाधलं होतं.
(हे शेवटचं खोटं. बाधलं ते कोल्हापूरचं.
त्याला ठाऊक असणारच.)
गुडघे आखडेपर्यंत त्याला पुण्याचा पत्ता समजावला,
जणू तो मलप्रभेच्या पलीकडे कधी गेलाच नव्हता.

मग सुनेची पाळी.
जयशीला बैलहोंगलची. माझ्याशी मराठी बोलते,
भाकरीपुरती, पोराच्या तापापुरती.
डोळे मिटले की मात्र तिच्या आईची कन्नड तोंडी येते.
सभेतल्या निम्म्यांना ती कळते.
मला खानापुरात जन्म काढूनही बाजारापुरतीच,
एष्टु आणि बेडा,
भाव कळतात, विनवण्या कळत नाहीत.
"तंदेये," म्हणाली. एवढं कळलं. बाप.
मग "अत्ते." ती मी. माझं नाव तिनं त्याच्या कानी घातलं,
चांगलं की वाईट, कोण जाणे.
आणि मग पुन्हा पुन्हा, आवाज चिरत गेला तरी,
"दारि तोरिसु, तंदेये, दारि तोरिसु."

दारी?
कोण आहे दारी?
सगळे आमेन म्हणाले. मीही म्हटलं,
न वाचता अंगठा उठवावा तसं.

त्या रात्री मागच्या दाराची कडी घातली नाही.
हे गेले त्या रात्रीही घातली होती.
म्हटलं, पोरीनं एवढं रडून कुणाला तरी दारी बोलावलंय,
तो यायचा, आणि आपली कडी आडवी.
पडल्या पडल्या कानोसा घेत राहिले.
कारखान्याचा भोंगा नाही तर
रात्र कुठं संपते तेही कळत नाही आता.

तो आला असेल, नसेल.
पहाटे फर्नांडिसांची शेळी मात्र चुलीपाशी उभी होती.
झावळ्यांच्या रविवारपासून खिळ्याला अडकवलेला
झावळीचा क्रूस तिनं गाठीसकट खाल्ला होता
आणि माझ्याकडे बघत सावकाश रवंथ करत होती.

सून उठून आली. "अत्ते, दार कुणी उघडं ठेवलं?"
सांगितलं. आधी तिला कळेना. मग
भिंतीला टेकून खालीच बसली, पदर तोंडात कोंबून हसत,
या घरात आल्यापासून इतकी हसली नव्हती.
"दार नव्हे हो! दाराला आम्ही बागिलु म्हणतो.
दारि म्हणजे वाट.
वाट दाखव म्हटलं मी त्याला."
"आणि माझं नाव कशाला घेतलंस?"
हसू थांबलं. चुलीत फुंकर घालत म्हणाली,
"ते त्याला सांगितलंय की. तुम्हाला कशाला?"

पत्रं अजून शास्त्राखालीच आहेत.
शनिवारी उत्तर कळवायचं. एलिया दोन्ही काढतो,
उलटीपालटी करतो, परत ठेवतो.
पुण्याचं मी काही बोलत नाही. ओठांवर येतं, गिळते.
काल दिवा घालवताना पुटपुटले,
जीभ अडखळली, तरी म्हटलं,
दारि तोरिसु.
वाट म्हणायचं होतं की दार,
ते तो बघून घेईल.

कडी मात्र घातली.
शेळी फार धीट झाली आहे.