उंच काठाचं ताट

भुसावळला हायवेवर, पेट्रोल पंपाच्या पुढं,
लीलाधर भंगाळेंच्या हॉटेलात मी मोरीवर असते.
माणसं मला दिसत नाहीत. ताटं दिसतात.
कोण पोटभर जेवलं, कोणी नुसतं चिवडलं,
कोणी भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं वाटी पुसून घेतली.
परत आलेली वाटी खोटं बोलत नाही.

चंपाषष्ठी झाली, बामणोदची हिरवी वांगी
तुरकाठ्यांच्या जाळात रोज फुटू लागली,
तेव्हा पुण्याहून एक पोरगा आला टेप घेऊन.
टेबलं मोजली, दिव्यांची उंची मोजली,
म्हणाला, स्टील आवाज करतं.
पाहुण्याला आवाज नको असतो.

मग पेंढ्यात गुंडाळून काळी ताटं आली.
सपाट, पाटासारखी. वजन इतकं
की चार उचलली की मनगट बोलायचं.
त्यावर भरीत शोभायचं, मी नाही म्हणत नाही.
कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाचा चमकता थेंब.
लोक आधी फोटो काढायचे.
तोवर भरीत गार.

आवाज खरंच गेला.
सावद्याहून केळी भरून मुंबईकडं निघालेले ड्रायव्हर,
चारदा रस्सा मागायचे, हाक मारून,
ते हळू बोलू लागले,
मग मागेनासेच झाले.
शेवभाजीची नवी वाटी अर्ध्या बोटाएवढी खोल,
शेव पडायच्या आत रस्सा संपायचा.
कळण्याची भाकरी ताटाबाहेर लोंबायची,
म्हणून सुपडू तिचे चार तुकडे करून रचायचा.
"त्रिकोण करतो, मावशी," म्हणाला,
दुसऱ्याच्या पोराचे केस न विचारता कापल्यासारखा.

गल्ला मात्र वाढला होता. हेही सांगायला हवं.

गुरुवारी वराडे गार्डबाबा येतात.
चाळीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात,
हिरवा कंदील धरलेला हात
आता पाण्याचा पेलाही सरळ धरत नाही.
त्यांचं काळं ताट मोरीवर आलं
तेव्हा मी नळ बंद केला.
भरितात बोटांच्या रेघा, ढकलत ढकलत कडेपर्यंत नेलेल्या,
आणि कड नव्हतीच.
सुपडू म्हणाला, सगळं मांडीवर सांडलं.
स्वतःच्या रुमालानं टेबल पुसलं बाबांनी,
आणि पूर्ण पैसे देऊन गेले.

पुढच्या गुरुवारी मी फळीवरून जुनं ताट काढलं.
काठ दोन बोटं उंच.
हॉटेल काढलं तेव्हा भंगाळेंनी भांडी किलोवर घेतली होती, त्यातलं.
पाठीवर टोच्यानं घातलेलं नाव:
चि. सौ. कां. इंदुमती हिस मामाकडून.
कोण इंदुमती, मला काय माहीत.
"यात वाढ," म्हटलं, "मालक बोलले तर माझ्याकडं पाठव."

त्या दिवशी मी पडदा बाजूला केला.
ताटाआधी माणूस पाहिला, पहिल्यांदाच.
हात हलत होता, हातातला तुकडा हलत होता,
भरीत पुढं पळालं,
काठाला जाऊन अडलं,
तिथं तुकड्यानं त्याला गाठलं.
घास तोंडात गेला.
आणि बोटातली अंगठी काठाला लागून
बारीक वाजत राहिली, हॉलभर.
फोन धरलेल्या एका पोरीनं मान वर केली.
कोपऱ्यातून कोणी ओरडलं,
"ए भाऊ, मले बी तसंच ताट दे! अन् रस्सा आण!"

संध्याकाळी भंगाळे मोरीवर आले.
ताट पालथं केलं, नाव वाचलं, दोनदा.
"अशी किती उरलीत?"
"सात."
"घासून ठेव," म्हणाले, आणि गेले.

काळी ताटं अजून आहेत, फॅमिली रूमला जातात.
मी दोन्ही घासते.
इंदुमतीचा 'म' झिजत चाललाय.
तिथं घासणी जरा हळू चालवते.