दांडीवरचं पाणी

तीन वर्षांनी आले ती धान कापणीत.
सिंदेवाहीच्या एसटीतून उतरून बॅग ओट्यावर टाकली,
तर आई म्हणाली, आधी ठाण्यावर जाऊन ये,
दसरूबाबा सकाळपासून बसून हाय.

मोहाखाली तेच दगड.
मातीचे घोडे, कुणाचा पाय गेलेला, कुणाची मान;
मोडके कोणी उचलत नाही,
नवे त्यांच्या शेजारी येऊन बसतात.
मी वाकले. पुन्हा वाकले.
आणि हात आपोआप
दोनदा वाजले.

वरचे पोपट उडाले.
दसरूबाबा म्हणाला, "कायले वाजोतं वो?
देव बहिरा हाय का?"

आता कसं सांगावं.
तिकडे ज्या म्हातारीला मी न्हाऊ घालायची,
त्सुरु-सान, वय ब्याण्णव,
तिला दर एक तारखेला चाकांच्या खुर्चीतून
टेकडीवर न्यायची. खडीत चाकं रुतायची.
दार होतं तिथं, भिंत नव्हती.
आत मूर्ती नव्हती, मी मान वाकडी करून शोधायची
आणि ती हसायची, दात काढून ठेवलेले.
एका झाडाला मात्र तणसाचा करगोटा,
आमच्या आज्यानं वळावा इतका घट्ट.
मी त्याला हात लावायला गेले. लावू दिला नाही.

आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग ओठ.
उरलेलं पाणी ओगराळं उभं धरून
दांडीवरून ओघळू द्यायचं.
पहिल्या दिवशी मी ते तसंच ठेवलं
तर मनगटावर चापट बसली:
तुझ्यामागून कोणीतरी येणार आहे ना!

त्या देवाचं मला एवढंच कळलं.
बाकीचं पाठ केलं, परीक्षेपुरतं.

दसरूबाबानं यातलं किती ऐकलं कोण जाणे.
मुठीत तांदूळ घेऊन तो जुन्यांची नावं घेत होता,
त्याच्या बापाचं, माझ्या आज्याचं,
पुरात गेलेल्या सोनकूचं.
मग थांबला.
"हाय का जिती, तुही म्हातारी?"
नाही, मागच्या थंडीत गेली.
"नाव काय म्हणलं?"
त्सुरु.
"सुरूबाई," तो दगडांना म्हणाला,
तांदूळ सोडले,
आणि डास मारावा तशी
एक टाळी वाजवली, जोरात.

गेलेल्या माणसासाठीची टाळी
आवाज न करता वाजवतात तिकडे,
तळवे जवळ आणून, ऐन वेळी थांबवून.
हे मी त्याला सांगितलं नाही.