नऊ वाजताच्या कोंबड्या

रात्री नऊला काचेच्या कपाटातला दिवा मी बंद करते.
ज्या खपल्या नाहीत त्या भाजक्या कोंबड्या
एकेक करून बाहेर काढायच्या,
डब्यावरच्या काळ्या रेघांवरून लाल किरण फिरवायचा.
यंत्र विचारतं, कारण?
मी दाबते, वाया.

आज अकरा.
काल चौदा होत्या. काल बर्फ होता, गिऱ्हाईक फिरकलं नाही.

विचिटाच्या पार टोकाला, जिथे गव्हाची शेतं संपतात
आणि गाड्या लावायचं डांबर सुरू होतं,
तिथे आमचं दुकान.
या भिंतीशी उभं राहिलं तर ती भिंत दिसत नाही.

माझा एक तास म्हणजे दोन कोंबड्या
आणि वर एक पंख.
हे गणित कुणी शिकवलं नाही,
हात कामात असले की डोकं रिकामं राहतं
आणि असलं काहीतरी करत बसतं.
अकरा कोंबड्या, म्हणजे माझे पाच तास,
सुजलेल्या घोट्यांसकट
त्या काळ्या पिशवीत.

आठवड्याला अठ्ठावीस तास देतात.
एकोणतिसावा मागितला की
लूथर साहेब भिंतीवरच्या तक्त्याकडे बघतात,
पावसापाण्याचं विचारल्यावर माणूस आभाळाकडे बघतो तसे.
पुढे विम्याची हद्द लागते. हे ते बोलत नाहीत.

टॅव्हियन नवा. एकोणीस वर्षांचा, सतत भुकेला.
पहिल्याच दिवशी म्हणाला, यातली एक घरी नेली तर?
मी म्हटलं, बाळा,
नऊच्या आधी तो माल, नऊच्या नंतर कचरा,
मधे खायची अशी वेळच नसते.
तो हसला. मी हसले नाही,
मलाही हेच कुणीतरी सांगितलं होतं.

आज यंत्रात अकरा
आणि पिशवीत दहा.
दोनदा मोजल्या. बोटं चिकट झाली.
टॅव्हियन फरशी पुसत होता, जरा जास्तच मन लावून.
लूथर साहेब आले, पिशवी उचलली,
बावीस वर्षं मांसाच्या विभागात काढलेला माणूस,
हाताला वजन कळतंच.
त्यांनी अकरावर सही केली.

दारावर झडती. माझी पर्स उघडी, पोराची पिशवी उघडी.
दोन मोजे, चार्जर, अर्धा बिस्किटपुडा.
मनात मी त्याची माफी मागितली
आणि तरीही विचार करत राहिले, कुठे लपवली असेल.

बसला चाळीस मिनिटं.
डांबराच्या दूरच्या कोपऱ्यात एक जुनी गाडी,
काचा आतून धुरकटलेल्या.
जवळून जाताना लसणाचा वास आला.
काच खाली झाली.
लूथर साहेब. मांडीवर कागद, कागदावर अकरावी.

दोघंही काही बोललो नाही.
मग त्यांनी पलीकडचं दार उघडलं.
तंगडी घे, म्हणाले, गार होतेय.

मी बसले. खाल्लं.
खाता खाता माझं गणित सांगितलं,
दोन कोंबड्या आणि एक पंख.
ते खूप हसले.
मग काचेवरच्या वाफेवर बोटानं मांडलं:
ठरलेला पगार, न ठरलेले तास,
या आठवड्यात त्र्याहत्तर.
भागाकार दोनदा केला.
माझ्या तासाच्या, म्हणाले, दोन पण होत नाहीत.

काचेवरचे आकडे ओघळले.
मला काय बोलावं सुचेना, म्हणून मी मान चोखत राहिले.

हाडांचं काय करायचं?
डब्यावर कॅमेरा आहे.
मी ती रुमालात बांधली, पर्समध्ये टाकली.
झडती तर होऊन गेली होती.

साडेअकराच्या बसमध्ये शेजारची बाई दोनदा हुंगली,
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
घरी येऊन कोट न काढताच
पातेल्यात पाणी चढवलं.