सहज दिसते की

मोंढ्याच्या मागं, मोईजभाईच्या झेरॉक्स दुकानात
वर लॅमिनेशनची मशीन, खाली मी.
आधार जोडायला आलेली माणसं
खांद्यावरून स्क्रीनकडं बघतात,
"ताई, नोकरीचा फॉर्म का?"
व्हय, म्हणते मी, तसंच.

तसलं नसतं ते.

पहिली बारा पत्रं बोनाफाईडच्या अर्जासारखी:
महोदय, मी कुमारी शिवगंगा बिराजदार,
बीएस्सी तृतीय वर्ष, गणित, उदगीर,
सविनय विनंती करते की
मला घरून संशोधन करण्याची परवानगी मिळावी.
जणू संशोधन म्हणजे
तहसीलमधला दाखला.

पुढची पंचवीस नळगीरकर सरांना दाखवून.
सर म्हणाले, जरा स्वतःविषयी चांगलं लिही.
लिहिलं, लहानपणापासून गणिताचं वेड आहे.
खोटंय. लहानपणी चिंचोक्यांचं वेड होतं.
गणित नंतर आलं,
फिजिक्सच्या लॅबचं कुलूप वर्षभर निघालं नाही
आणि वहीला कुलूप नसतं, म्हणून.

उत्तरं आली तीन.
एकजण सप्टेंबरपर्यंत रजेवर.
एकाकडं फक्त त्यांचेच विद्यार्थी.
एकात माझं नाव, चुकलेलं, आणि शुभेच्छा.

अप्पा मोंढ्यात मापाडी.
रात्री पाय धुताना विचारलं, "किती झाली?"
सदतीस.
"पहिल्याला एक म्हणलीस, का लाभ?"
मापाडी एक म्हणत नाहीत.
पहिलं माप लाभ. मग दोन, मग तीन.
अप्पा, त्यात तसलं नसतंय.
त्यांनी टॉवेल झटकला,
"मग मोजूलालीस तरी काय?"

एक पेपर वाचत होते, फुकट मिळालेला, झाडांवरचा.
कसली झाडं, आईनं कन्नडमधून विचारलं, लिंबाची?
नाही गं, नुसते ठिपके आणि रेघा.
निघाल्या जागी परत यायचं
तर आल्या वाटेनंच माघारी फिरावं लागतं.
"म्हणजे आपला बोळ," म्हणाली, आणि भाकरी उलथली.

पान सातवर छापलंय: सहज दिसते की,
आणि पुढं एक समीकरण.

अकरा दिवस मला दिसलं नाही.
मोईजभाईच्या बिघडलेल्या प्रतींच्या पाठकोऱ्यांवर
झाडं काढत बसले.
सहा ठिपक्यांची सहाच.
सातांची अकरा.
आठांची तेवीस, पण माझी बावीस भरत होती.
दोन दिवस तेविसावं हुडकलं.
सापडलं ते कुणाच्यातरी सातबाऱ्याच्या मागं,
उजेडात धरलं की
फांद्यांतून गट नंबर दिसायचा.

समीकरण त्याच झाडाशी अडलं.

अडतिसावं पत्र चार ओळींचं.
विनंती नाही, वेड नाही.
पान सातवरची ओळ मला दिसत नाही.
बावीस झाडांना लागू पडते.
तेविसावं सोबत जोडलंय.
माझं काय चुकतंय?

सहा दिवस काही नाही.
मोईजभाईनं न विचारता ते झाड लॅमिनेट करून दिलं,
"भिजतंय असलं. पैसे राहू दे."

सातव्या दिवशी, पहाटे पावणेतीनला:
मलाही दिसत नाही.
तेव्हा कसं दिसलं होतं, आठवत नाही.
मंगळवारी बोलू या?
तुमच्याकडं रात्रीचे साडेनऊ असतील.

रेंज फक्त गच्चीवर, टाकीच्या झाकणापाशी.
खाली मोंढ्यात तुरीचा ट्रक मागं घेत होते,
हमाल ओरडत होते, आन दे, आन दे.
स्क्रीनवर एक बाई, तिच्या सकाळीत,
केस ओले, हातात माझं झाड,
छापून घेतलेलं, सातबाऱ्याच्या पुसट आकड्यांसकट.
ती म्हणाली, हे आकडे कसले?
म्हटलं, ते आमच्याकडच्या एका शेताचे,
त्यांचा संबंध नाही.

बरं, म्हणाली, मग मोजायला कुठून सुरू करू या?

देठाजवळच्या ठिपक्यावर बोट ठेवलं
आणि तोंडातून निघून गेलं: लाभ.

काय? म्हणाली ती,
आणि तिथंच चित्र गोठलं,
तिचं तोंड अर्धं उघडं,
माझं बोट झाडावर.