डावी साइड

माळाकोळीच्या वळणाला दांडी हातातच आली.
आवाज शेवग्याची शेंग मोडावी एवढाच.
मी ती खिशात टाकली,
टाकून तरी कुठं देणार.
गोष्ट मागच्या पोळ्याची.

तेव्हापासून उजवीकडं माझा हात
आणि डावीकडं इरबाचा.
'दे रे,' म्हटलं की तो खिडकीतून दंडापर्यंत बाहेर.
वसमतची हळद भरून भरून त्याची बोटं
नखांच्या मुळापर्यंत पिवळी.
दिवेलागणीला मागचे लोक त्याच रंगावर थांबायचे.
रात्री हातात बॅटरी, तिच्या काचेवर
पेढ्याच्या खोक्यातला पिवळा कागद.
एकदा लोह्याच्या चढाला झोपेतच हात दिला त्यानं,
वळण नसताना.
मागचा कंटेनरवाला आईवरून गेला.
त्याचं बरोबर होतं.

आता पासिंग तोंडावर आलं.
अहमदपूरला चाँदपाशाच्या दुकानापुढं गाडी लावली.
दुकान म्हणजे लिंबाखाली एक लोखंडी पेटी
आणि पेटीहून जुना चाँदपाशा.
'अठ्ठ्याण्णवचं मॉडेल,' म्हणाला,
'हिचा स्विच आता कंपनीलाबी आठवायचा नाही.'
तरी एक निघाला. नांदेडच्या भंगारातला,
पेपरात गुंडाळलेला,
दांडीला कुणीतरी लाल दोरा बांधलेला.
'कुणाच्या गाडीचा?'
'चालत्या गाडीचा,' म्हणाला, आणि पाना मागितला.

आधी बॅटरीची वायर सोडली.
मग हॉर्नची टोपी, तिच्या खाली
घामाची आणि धुळीची थापलेली वडी.
मग मधला नट. तो काही ऐकेना.
चाँदपाशानं पान्याला पाइप जोडला, पाय डॅशला टेकवला,
शिवी नाही, अल्लाचं नाव नाही,
नुसता श्वास धरला.
सुटला.
चाक उचलायच्या आधी त्यानं खडूनं
चाकावर आणि दांड्यावर मिळून एकच रेघ ओढली.
'ही रेघ चुकली तर गाडी जाईल सरळच,
पण तुला जन्मभर वाकडी वाटंल.'

स्टेअरिंग नसलेल्या केबिनमधे बसून बघा एकदा.
हात कुठं ठेवावेत समजत नाही.
मी आधी मांडीवर ठेवले, मग पोटावर,
फोटोला बसल्यासारखा.

जुन्याच्या सात वायरी, नव्याच्या आठ.
सात जोडल्या. आठवीला
टेप गुंडाळून त्यानं आत झोपवलं.
एक स्क्रू पडला.
इरबा फुटक्या स्पीकरचं चुंबक घेऊन
गाडीखाली धूळ चाळत राहिला.
तो स्क्रू सापडला नाही, दुसरेच तीन सापडले.
त्यातला एक बसला.

रेघेला रेघ लागली. वायर जोडली.
इरबा मागं पळाला, पुढं पळाला,
'लागायलीय! डावी लागायलीय! आता उजवी दे!'
गावाला कळावं एवढ्यानं.
चाँदपाशानं तीनशे सांगितले, अडीचशे घेतले,
आणि मोडका स्विच पेपरात गुंडाळून
पेटीत ठेवून दिला.

चाकूरच्या अलीकडं पंपावर वळायचं होतं, डावीकडं.
मी दांडी दिली.
टिक, टिक, डॅशवर हिरवा बाण उघडझाप करायला लागला,
आणि तिकडं इरबाचा हात
दंडापर्यंत बाहेर.
मी काही बोललो नाही.
त्यालाही कळलं असावं,
कारण तो समोर बघत राहिला, अगदी समोर.
वळण संपलं. दांडी आपली आपण मधे आली.
हात तसाच राहिला,
बोटं पसरून, वाऱ्यात.

पंपावरच्या पोराला वाटलं, त्यालाच बोलावलंय.
डिझेलचा पाइप ओढत तो डाव्या बाजूला आला.
टाकी उजवीकडं आहे.