अर्थ

जांबोटी क्रॉसला, रुद्राप्पाच्या पत्र्याखाली
एकोणनव्वदची पद्मिनी.
वायपर काचेच्या मधोमध अडकलेला,
शपथेला उचललेल्या हातासारखा.

फ्यूज बरा. स्विच बरा.
टेस्टलॅम्पची सुई हिरव्या वायरीत टोचली,
दिवा लागला.
"करंट यायलाय की ओ."
मग मोटर का फिरेना?

तो बोलला नाही. बॉनेटात मान घालून
ओंदू, एरडू, मूरू
वायरी मोजत राहिला.
मग मोटरच्या अंगाला एक उघडी तार,
तिचं दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला.
वायपर कोरड्या काचेवर खरवडत
गेला. आला.

"अर्थ मिळंना झालता बगा."
बोल्टाखालचा गंज त्यानं पॉलिश पेपरनं घासला.
चाळीस रुपये.

चोर्ल्याच्या घाटात धुकं.
डावा अजून जरा अडखळतो.
राहू दे.