बाजारवसुली

पावतीपुस्तक माझं, कार्बन माझा.
आचऱ्याच्या मासळीबाजारात सकाळी सातला
वीस रुपये, वीस रुपये करत फिरायचं.

शेवंती कोयंडे पावत्या फेकत नाही.
तारेत ओवते, सुकटीला टांगल्यासारख्या.
ग्रामसभेत तिनं ती तार टेबलावर ठेवली,
काही कागदांना खवले अजून चिकटलेले,
नि म्हणाली,
“माज्या एका हाऱ्याक वीस,
तेच्या चाळीस क्रेटांकय वीस.
ह्या गणित कोणी घातल्यान?”

कोणी हसलं. सरपंचांनी पंखा वाढवायला सांगितला.
मी ठराव शोधला. अठ्ठ्याण्णव सालचा.
सही लागत नाही.

“आणि ह्या पैशांचा काय झाला?”

ते माझ्याच वहीत होतं.
चौदा वर्षं बेरीज करून पान उलटत आलो,
त्या दुपारी पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं:
नळाची तोटी, राखणदार, चहा,
पुन्हा चहा.

आता दर हाऱ्यामागे पाच.
क्रेटवाला माझ्याशी बोलत नाही.
जेटीवरचा दिवा अजून लागलेला नाही,
फळ्यावर तसंच लिहिलंय, खडूनं, माझ्या अक्षरात.
शेवंती येता-जाता थांबते,
अक्षर अक्षर लावत वाचते,
आणि पाचाचं नाणं पुढे करून
पावतीसाठी हात तसाच ठेवते.